पाच अधिक तीन म्हणजे त्रेपन्न?

श्रोतेहो, गोंदियाहून गोरेगावमार्गे येणारी सडक कोहमाऱ्याला नागपूर-रायपूर महामार्गास मिळते. या महामार्गाचा क्रमांक पूर्वी ६ होता. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले, तेव्हा तो ५३ झाला. म्हणून रस्ता सत्तेचाळीसने वाढला काय? मुळीच नाही. हा आकडा मापाचा नव्हे, नावाचा. मात्र त्याच रस्त्याने धानाचे ५३ कट्टे निघाले आणि वाटेत सहा उतरवले, तर सत्तेचाळीस उरतात, हा हिशेब खरा. आपल्याला हा भेद कोणी शिकवीत नाही. गणकयंत्राला तो सांगावा लागतो. आणि कसा सांगायचा याचे निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे उत्तर दिले आहे.

ही यंत्रे जन्मली आकडेमोडीसाठी. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले 'टिफ्रॅक' १९६० साली सुरू झाले, तेही शास्त्रीय गणितांसाठीच. त्याआधी १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फोर्ट्रान' ही भाषा तयार केली होती. यंत्राला आज्ञा देताना माहिती ज्या नावाच्या खणात ठेवतात, त्या खणाला 'चल' म्हणतात. खण तोच, आतला माल बदलतो, बरे का! फोर्ट्रानमध्ये खणाचे नाव आय ते एन यांपैकी अक्षराने सुरू झाले की आत पूर्णांक, एरवी दशांशाची संख्या. मजकुराचा वेगळा खण त्या भाषेला मिळाला तो थेट 'फोर्ट्रान ७७' मध्ये.

कचेऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे एवढ्यावर कसे भागावे? त्यांना नावे हवीत, गावे हवीत. १९६० साली आलेल्या 'कोबोल' भाषेत प्रत्येक खणाचा नमुना आधीच लिहून द्यावा लागे: ९ लिहिला तर तेथे फक्त अंक, एक्स लिहिला तर कोणतेही चिन्ह. तलाठ्याच्या दप्तरालाही शोभेल असा हा काटेकोरपणा मला फार आवडतो.

आता यंत्राच्या पोटात काय होते ते पाहा. पाच ही संख्या म्हणून ठेवली तर तिथे पाचच असतात. पण 'पाचाचे चिन्ह' म्हणून ठेवले, तर १९६३ च्या 'आस्की' संकेताप्रमाणे त्याचा क्रमांक ५३ असतो. आपल्या रस्त्याचाच आकडा निघाला, हा निव्वळ योगायोग! मजकुरातील ५३ ही संख्याच नव्हे. ती शेजारी शेजारी उभी केलेली दोन चिन्हे.

म्हणूनच ५ हा मजकूर असेल आणि त्यात ३ मिळवा म्हटले, तर १९९५ ची 'जावास्क्रिप्ट' ही भाषा गुपचूप जोडाजोड करून ५३ देते. त्यातून ३ वजा करा म्हटले, तर मात्र तीच भाषा गणित करून २ सांगते! १९८७ च्या 'पर्ल'मध्ये बेरजेला एक खूण आणि जोडण्याला दुसरी. १९९१ ची 'पायथन' सरळ अडून बसते आणि चूक दाखवते. अडून बसणारा कारकून गोड बोलून घोळ घालणाऱ्यापेक्षा बरा, असे मी म्हणेन.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, घोळ कसा होतो ते तुमच्याच कामात पाहा. शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे. आपले २७, जम्मू-काश्मीरचे ०१. तो संख्या म्हणून भरला की तिकडचा पुढचा शून्य गळतो आणि दहाच अंक राहतात. शून्याने सुरू होणाऱ्या बँक खात्याचेही तेच. 'एक्सेल'च्या तक्त्यात तर पंधरा अंकांपुढचे सारे अंक शून्य होतात. सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक बदलला की मुलाची शिष्यवृत्ती अडली किंवा भलत्याच खात्याकडे निघाली! म्हणून असा रकाना भरण्यापूर्वीच 'मजकूर' म्हणून ठरवून घ्यावा. गळालेला शून्य मागाहून रकान्याचा प्रकार बदलून परत येत नाही. हजेरीचे क्रमांक मात्र उलट. ते मजकूर म्हणून ठेवून क्रम लावला, तर १० हा ९ च्या आधी येतो.

आपल्या मराठी अंकांचे कसे, असे कोणी विचारील. देवनागरीतील ५३ पायथनला संख्या करायला सांगितले, तर ती त्रेपन्नच धरते. जावास्क्रिप्टला तेच सांगितले, तर ती म्हणते, ही संख्याच नव्हे.