सायक्लोडेक्स्ट्रिने

स्टार्चवर काही सूक्ष्मजंतूंच्या एंझाइमाची विक्रिया होऊन तयार होणारी वलयाकार शर्करा-संयुगे. यांत ग्लुकोजाची ६, ७ वा ८ एकके असतात व त्यांवरून त्यांना अनुक्रमे आल्फा, बीटा व गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. रेणूचा आकार तळ नसलेल्या निमुळत्या पेल्यासारखा असतो. पेल्याची बाहेरील बाजू जलस्नेही, तर आतील पोकळी जलविरोधी असते. त्यामुळे पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधाचा रेणू या पोकळीत सामावून विद्रावात राहू शकतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ए. व्हीलिए यांना १८९१ मध्ये हा पदार्थ प्रथम मिळाला. सेल्युलोजाशी असलेल्या साम्यामुळे त्यांनी त्यास ‘सेल्युलोसीन’ असे नाव दिले. पुढे १९०३–११ या काळात ऑस्ट्रियन सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ फ्रान्ट्‌स शार्डिंगर यांनी आल्फा व बीटा हे प्रकार वेगळे केले. जर्मनीत कार्ल फ्रॉइडेनबर्क व त्यांचे सहकारी यांनी १९३० नंतरच्या दशकात रेणूची वलयाकार संरचना दाखवून दिली आणि १९५३ मध्ये औषधांसाठी या संयुगांच्या उपयोगाचे एकस्व (पेटंट) घेतले.

तथापि १९५७ मध्ये डेक्स्टर फ्रेंच यांनी लिहिलेल्या समालोचनात, बीटा प्रकार खाऊ घातलेले उंदीर थोड्याच दिवसांत मेल्याचा एका अप्रकाशित प्रयोगाच्या आधारे उल्लेख आला. या एका उल्लेखामुळे औषधी संशोधन दीर्घकाळ मागे पडले. बूडापेस्ट येथील योझेफ सेइत्ली इत्यादींनी केलेल्या पद्धतशीर चाचण्यांत, शुद्ध पदार्थ तोंडावाटे दिल्यास असा विषारीपणा आढळत नाही, असे दिसून आले. जपानमध्ये १९७६ साली प्रोस्टाग्लँडीन ई२ व बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन यांची जिभेखाली ठेवावयाची गोळी विक्रीस आली.

बीटा प्रकार स्वस्त असला, तरी २५° से. तापमानास १०० मिलि. पाण्यात तो सु. १·८५ ग्रॅ. एवढाच विरघळतो आणि अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) दिल्यास मूत्रपिंडास अपाय करतो. यावर उपाय म्हणून रेणूतील काही हायड्रॉक्सिल गटांत फेरफार करून हायड्रॉक्सिप्रोपिल व सल्फोब्युटिल ईथर अनुजात बनविण्यात आले. २०२० मध्ये कोविड-१९ या रोगावर वापरलेल्या रेमडेसिव्हिर या औषधाच्या अंतःक्षेपणात यांपैकी दुसरा अनुजात होता.

औषध विरघळले, तरी डोळा, नाक वा तोंड यांतील श्लेष्मल त्वचेवरून ते लवकर धुऊन जाते. श्लेष्म्यातील म्यूसीन या प्रथिनात सिस्टीन हे ॲमिनो अम्ल असते. वाहकास थायॉल (गंधक-हायड्रोजन) गट जोडल्यास त्याचा सिस्टिनाशी डायसल्फाइड बंध जुळतो व वाहक तेथे चिकटून राहतो. हे तत्त्व आंद्रेआस बेर्नकॉप-श्न्यूर्ख यांनी १९९९ मध्ये प्रथम बहुवारिकांसाठी मांडले. इन्सब्रुक विद्यापीठात २०१५ च्या सुमारास ते सायक्लोडेक्स्ट्रिनांस लावण्यात आले.

थायॉल गटांचे साठवणीत सहज ऑक्सिडीभवन होऊन त्यांची चिकटण्याची क्षमता घटते. म्हणून ते दुसऱ्या गंधकयुक्त गटाने आच्छादून संरक्षित करतात. श्लेष्मा मात्र सतत नव्याने स्रवतो व जुना थर गळून पडतो. त्यामुळे बंध कितीही पक्का असला, तरी वाहकाचा मुक्काम त्या थराच्या आयुष्याहून अधिक होऊ शकत नाही.