मुंबई मॅजिशियन्स
हॉकी इंडिया लीग या व्यावसायिक स्पर्धेत २०१३ व २०१४ असे दोनच हंगाम खेळलेला मुंबईचा संघ. त्याची मालकी डॉडसल उद्योगसमूहाकडे होती. चर्चगेटजवळील महिंद्र हॉकी स्टेडियम हे त्याचे मैदान. डिसेंबर २०१२ मधील लिलावातून संघाची उभारणी झाली. पहिल्या हंगामात ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ प्रशिक्षक व संदीप सिंग कर्णधार होते.

जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रणरेषेवर तणाव वाढल्याने पाकिस्तानी खेळाडूंच्या सहभागाविरुद्ध शिवसेनेने या मैदानावर निदर्शने केली. त्यानंतर लीगमधील नऊही पाकिस्तानी खेळाडूंना मायदेशी धाडण्यात आले. त्यांपैकी चार मुंबईचे होते. त्यामुळे हंगामाच्या प्रारंभीच संघाची घडी विस्कटली. पेनल्टी कॉर्नरवरील ड्रॅग-फ्लिकसाठी ख्यातनाम असलेल्या संदीप सिंग यांनी ११ गोल करून स्पर्धेत अग्रस्थान मिळविले, तरी पाच संघांत मुंबई अखेरची ठरली. २०१४ मध्येही संघास उपांत्य फेरी गाठता आली नाही. पुढे मालकांनी माघार घेतली व २०१५ मध्ये दबंग मुंबई हा वेगळ्या मालकीचा संघ अवतरला.

जुन्या क्लबांचे संघ सभासदांच्या आधारावर पराभवानंतरही टिकत; लिलावातून उभ्या राहिलेल्या संघाचे आयुष्य मात्र मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते, हे या संघाच्या इतिहासावरून दिसून येते.