गश्ती निशाण ५३ ते आपला मोबाईल

अर्धापूरकरांनो, सरकारची नजर आपल्या मराठवाड्याला नवी नाही. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी लागायची. त्या हुकुमाचं नाव 'गश्ती निशाण ५३'. कोण बोलणार, काय बोलणार, हे सरकारला आधी कळायला हवं होतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. पण इंग्रजांचा १८८५ चा तार कायदा चालूच राहिला आणि त्याच्याच कलम ५(२) खाली फोन ऐकले गेले. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंधन घातलं: गृहसचिवाचा आदेश हवा, समितीने तो तपासावा. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले.

२०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला. तरी आदेश देणारे अधिकारी, तपासणारेही अधिकारीच. मध्ये न्यायाधीश नाही. आणि ज्याचा फोन ऐकला, त्याला कुणी कळवत नाही. मग तो कोर्टात जाणार कसा?

"आपल्याकडं लपवण्यासारखं काय आहे?" असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो: सभेसाठी परवानगी मागणाऱ्या आपल्या आजोबांकडं तरी लपवण्यासारखं काय होतं?