बोरिवली ते बेरिंग समुद्र : आरोही पंडित यांचा विमानप्रवास (२०१८-२०१९) आणि स्त्रीच्या प्रवासस्वातंत्र्याचा इतिहास

सारांश

३० जुलै २०१८ रोजी पंजाबातील पतियाळा येथून मुंबईच्या दोन तरुण वैमानिक एका छोट्या विमानातून जगप्रवासास निघाल्या. त्यांपैकी बोरिवलीच्या आरोही पंडित यांनी मे २०१९ मध्ये अटलांटिक महासागर व ऑगस्ट २०१९ मध्ये बेरिंग समुद्र एकट्याने ओलांडला. प्रस्तुत निबंधात या प्रवासाचा विचार मराठी स्त्रीच्या प्रवासाची परंपरा आणि मुंबईच्या पश्चिम उपनगरांचा वाहतूक-इतिहास या दोन संदर्भांत केला आहे. प्रवासातून मिळणारे स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

बीजशब्द : स्त्री-प्रवास, पश्चिम उपनगरे, जुहू विमानतळ, हलके क्रीडा-विमान, निर्णयस्वातंत्र्य.

१. प्रस्तावना

प्रवासाने माणूस शहाणा होतो, हे आपल्याकडे परंपरेने मानले गेले आहे. 'केल्याने देशाटन' ही उक्ती शाळेपासून सर्वांच्या परिचयाची असते. परंतु हे देशाटन कोणी करावे, याविषयी समाजाचे संकेत दीर्घकाळ ठरलेले होते. तीर्थयात्रा, माहेर-सासर आणि पतीच्या बदलीचे गाव एवढीच स्त्रीच्या प्रवासाची मान्य कारणे होती. स्वतःच्या इच्छेने, स्वतः ठरविलेल्या मार्गाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर केलेला प्रवास ही स्त्रीच्या बाबतीत अपवादात्मक घटना होती. त्यामुळे अशा प्रवासाचा इतिहास हा अंतराचा इतिहास असतो, तसाच तो परवानगीचाही इतिहास असतो. आरोही पंडित यांचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

२. पूर्वपीठिका : समुद्र ओलांडणाऱ्या मराठी स्त्रिया

आधुनिक काळात समुद्र ओलांडणाऱ्या मराठी स्त्रियांमध्ये कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १८८३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी त्या पतीशिवाय कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या. त्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत, याविषयी जाहीर भाषण केले. प्रवासाला निघण्यापूर्वी समाजापुढे खुलासा करावा लागणे, ही त्या काळाची अट होती. शिवाय त्यांच्या शिक्षणामागील प्रेरणा व आग्रह गोपाळरावांचा होता. म्हणजे आनंदीबाईंनी प्रवास एकट्याने केला, तरी प्रवासाचा निर्णय सर्वस्वी त्यांचा एकटीचा होता असे म्हणता येत नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्या वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, मायदेशी परतल्यावर अल्पावधीतच, त्यांचे निधन झाले.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. वैधव्यानंतरचे त्यांचे निर्णय त्यांनी स्वतः घेतले व त्यांची किंमतही स्वतः मोजली. अमेरिकेतील समाजस्थितीवरील त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे महर्षी कर्वे यांच्या संस्थेच्या कार्यकर्त्या पार्वतीबाई आठवले १९१८ ते १९२० या काळात अमेरिकेत राहिल्या. इंग्रजीचे पुरेसे ज्ञान नसताना, प्रसंगी घरकाम करून त्यांनी तेथे दिवस काढले आणि संस्थेसाठी निधी जमविला.

या तीन उदाहरणांत एक क्रम दिसतो. आनंदीबाईंच्या प्रवासामागे कुटुंबातील पुरुषाची इच्छा होती, रमाबाईंच्या प्रवासामागे स्वतःचा शोध होता आणि पार्वतीबाईंच्या प्रवासामागे संस्थेचे कार्य होते. तिघींनाही आपल्या प्रवासाला शिक्षण, धर्म वा समाजसेवा असा उदात्त हेतू जोडावा लागला. केवळ साहसासाठी प्रवास करणे हे कारण स्त्रीच्या बाबतीत त्या काळी पुरेसे मानले गेले नसते.

३. १९२८ : उपनगरांच्या दोन वाटा

मुंबईच्या पश्चिम उपनगरांच्या इतिहासात १९२८ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. ५ जानेवारी १९२८ रोजी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची विजेवरील गाडी कुलाबा ते बोरिवली या मार्गावर सुरू झाली. त्याच वर्षी अंधेरीलगतच्या जुहू येथे विमानतळ अस्तित्वात आला आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. एका वाटेने उपनगरातील सामान्य माणूस शहराशी जोडला गेला, तर दुसऱ्या वाटेने मूठभर धनिकांना आकाश खुले झाले.

या दोन वाटांचा पुढील विकास अगदी भिन्न गतीने झाला. लोकलगाडीने नोकरदार स्त्रीला घराबाहेर आणले. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण स्त्रियांसाठी असलेली 'महिला स्पेशल' सुरू केली. एका डब्यात मावेनाशा झालेल्या स्त्रियांसाठी पूर्ण गाडी सोडावी लागली, ही घटना उपनगरीय स्त्रीच्या आर्थिक स्वातंत्र्याची साक्ष म्हणून नोंदविण्यासारखी आहे. अर्थात हा प्रवास रोजचा होता. सकाळी निघून संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत परतण्याचे बंधन त्यात गृहीत होते.

जुहूची वाट मात्र दीर्घकाळ पुरुषांची राहिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले आणि भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला. लाहोरच्या सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये विमान चालविण्याचा परवाना मिळविला, पण व्यावसायिक विमानसेवेचे दार स्त्रियांसाठी फार हळू उघडले. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कलकत्ता-सिल्चर मार्गावर, सर्व कर्मचारी स्त्रिया असलेल्या फोकर विमानाचे नेतृत्व केले. उपनगरातील मध्यमवर्गीय घरातील मुलीने वैमानिक होण्याचे स्वप्न बाळगणे त्यानंतरच्या पिढीत शक्य झाले. आरोही पंडित या बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या विद्यार्थिनी. त्यांच्या रूपाने १९२८ च्या दोन्ही वाटा, बोरिवलीची आणि जुहूची, एकत्र आल्या असे म्हणता येईल.

४. प्रवासाचे टप्पे

'वुई' या नावाने आखलेल्या या मोहिमेत आरोही पंडित व त्यांची सहाध्यायी कीथेअर मिस्क्विटा अशा दोघी होत्या. 'माही' हे त्यांचे विमान स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीचे, 'सायनस ९१२' या जातीचे होते. एकच इंजिन, दोन आसने आणि सुमारे ४०० किलो वजन, असे त्याचे स्वरूप होते. अशा विमानात केबिनमधील हवेचा दाब राखण्याची सोय नसते. ढगांतून, बर्फातून वा जोरदार वाऱ्यातून मार्ग काढण्यापेक्षा हवामान निवळण्याची वाट पाहणे, हेच वैमानिकाच्या हाती असते.

पहिला टप्पा दोघींनी मिळून केला. पंजाब, राजस्थान, गुजरात असा देशांतर्गत प्रवास झाल्यावर पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान, सर्बिया, स्लोव्हेनिया, जर्मनी, फ्रान्स या मार्गाने त्या ब्रिटनला पोहोचल्या. या टप्प्यात प्रत्येक विमानतळ नवा होता आणि प्रत्येक देशाचे नियम निराळे होते. इंधन, उतरण्याची परवानगी, सीमाशुल्क, हवामानाचा अंदाज या गोष्टी रोज नव्याने जुळवाव्या लागत. साहसकथेत अशा तपशिलांना सहसा स्थान मिळत नाही. परंतु अनोळखी ठिकाणी आपले काम आपण करून घेणे, हाच स्वावलंबनाचा पहिला धडा असतो.

दुसरा टप्पा एकटीचा होता. समुद्रावरून जाताना जीवरक्षक तराफा, प्राणवायू इत्यादी सामग्रीला जागा लागत असल्याने विमानात दुसऱ्या व्यक्तीस वाव राहिला नाही. कीथेअर मिस्क्विटा यांनी जमिनीवरील साहाय्याची बाजू सांभाळली. आरोही पंडित स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडील विक येथून निघाल्या आणि आइसलंड व ग्रीनलंड येथे थांबत १३ मे २०१९ रोजी कॅनडातील बॅफिन बेटावरील इक्वालुइट येथे उतरल्या. हे अंतर सुमारे ३,००० किलोमीटर होते. त्यावेळी त्यांचे वय २३ वर्षे होते. या मार्गात ग्रीनलंडचा हिमस्तर येतो. मध्यभागी त्याची जाडी ३ किलोमीटरपर्यंत आहे. त्यामुळे तेथे विमान बरेच उंच न्यावे लागते आणि इंजिन बंद पडल्यास उतरण्याजोगी जागा नसते.

पुढे कॅनडा व अलास्का ओलांडून २१ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांनी अलास्कातील उनालक्लीट येथून रशियाच्या अतिपूर्वेकडील अनादिर गाठले. हा पल्ला १,००० किलोमीटरहून अधिक होता व त्यात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागली. पतियाळाहून निघाल्यापासून तेव्हा सुमारे तेरा महिने झाले होते.

५. 'पहिली' या विशेषणाची चिकित्सा

हलक्या क्रीडा-विमानातून अटलांटिक आणि पॅसिफिक एकटीने ओलांडणारी जगातील पहिली स्त्री, असा आरोही पंडित यांचा गौरव झाला. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा विशेषणांची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. अमेलिया इअरहार्ट यांनी मे १९३२ मध्ये, तर बेरिल मार्कहॅम यांनी सप्टेंबर १९३६ मध्ये अटलांटिक एकटीने ओलांडला होता. मार्कहॅम यांची दिशाही आरोही यांच्याप्रमाणे पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे प्रायः वाऱ्याविरुद्ध होती. जेरी मॉक या अमेरिकन गृहिणीने १९६४ मध्ये संपूर्ण पृथ्वीप्रदक्षिणा एकटीने पूर्ण केली. हलक्या क्रीडा-विमानांचा स्वतंत्र वर्ग अमेरिकेतील नियमांत २००४ मध्ये आला. म्हणजे हा विक्रम ज्या वर्गात मोडतो, तो वर्गच नवा आहे. पॅसिफिक ओलांडणे याचा अर्थही येथे त्या महासागराच्या उत्तरेकडील बेरिंग समुद्र ओलांडणे असा घ्यावा लागतो.

यामुळे प्रवासाचे मोल कमी होत नाही, परंतु ते विक्रमाच्या नोंदीत शोधू नये, एवढे स्पष्ट होते. विक्रम दुसऱ्याशी तुलना करून ठरतो. ज्या व्यक्तीने आधी कधीही समुद्रावरून एकटीने उड्डाण केलेले नाही, तिच्यासाठी विकहून केलेले पहिले उड्डाण मात्र कोणत्याही तुलनेवाचून पहिलेच असते. स्वातंत्र्याच्या दृष्टीने हे दुसरे पहिलेपण अधिक महत्त्वाचे आहे.

६. स्वातंत्र्याचे स्वरूप

या प्रवासावर एक आक्षेप घेता येतो. मोहिमेची आखणी व संचालन एका संस्थेने केले होते, तिला 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या शासकीय अभियानाचा पाठिंबा होता, खर्चास प्रायोजक होते आणि जमिनीवर साहाय्यकांचे पथक होते. मग याला स्वतंत्र प्रवास कसे म्हणावे? हा आक्षेप गंभीर आहे. स्त्रीच्या प्रवासाला उदात्त हेतूची जोड द्यावी लागण्याची एकोणिसाव्या शतकातील रीत, 'सक्षमीकरण' या नव्या नावाने येथेही दिसते. पुरुष वैमानिकाच्या साहसाला असा सामाजिक खुलासा सहसा जोडावा लागत नाही.

तथापि, संपूर्ण निराधार असणे म्हणजे स्वातंत्र्य, ही कल्पनाच तपासून पाहिली पाहिजे. आधार घेतल्याने स्वातंत्र्य नाहीसे होत नाही. अंतिम निर्णय कोण घेतो, यावर ते ठरते. हवाई नियमांनुसार विमानाच्या सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी विमानप्रमुखाची असते. आज निघायचे की थांबायचे, पुढे जायचे की मागे फिरायचे, हे ग्रीनलंडवर असताना कोणी प्रायोजक वा वडीलधारे ठरवू शकत नाही. आनंदीबाईंच्या प्रवासात जी गोष्ट अस्पष्ट होती, ती येथे नियमानेच स्पष्ट झाली. 'महिला स्पेशल'मधील स्त्रीने कमाईचे स्वातंत्र्य मिळविले, तर या प्रवासाने चुकण्याचा धोका पत्करून निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य दाखविले.

याबरोबरच कीथेअर मिस्क्विटा यांच्या भूमिकेची नोंद आवश्यक आहे. अर्ध्या वाटेपर्यंत शेजारच्या आसनावर बसलेल्या वैमानिकेने पुढे जमिनीवर राहून काम केले. विक्रमाच्या यादीत अशा सहभागास जागा नसते, परंतु एकटीचा प्रवास दुसरीच्या साथीने शक्य होतो, हे इतिहासाने विसरू नये.

७. समारोप

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित यांनी जे. आर. डी. टाटा यांच्या १९३२ मधील उड्डाणाचे स्मरण म्हणून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण केले. जीपीएससारखी आधुनिक साधने त्यांनी त्यावेळी वापरली नाहीत. मूळ उड्डाण कराचीहून झाले होते, हे मात्र भुजहून सुरू झाले. स्वतः टाटा यांनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, याच मार्गाची पुनरावृत्ती कराचीहून केली होती. फाळणीने तुटलेला हा मार्ग २०१८ मध्ये दोन मुंबईकर तरुणींनी उलट दिशेने काही काळ जोडला होता, ही बाब या संदर्भात अर्थपूर्ण ठरते.

भारतातील वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के असल्याचे शासनाने २०२२ मध्ये संसदेत सांगितले. जागतिक सरासरी सुमारे ५ टक्के आहे. हे आकडे समाधानकारक असले, तरी प्रवासस्वातंत्र्याचा प्रश्न वैमानिकांपुरता मर्यादित नाही. बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील एखादी मुलगी एकटीने दूरच्या प्रवासास निघते, तेव्हा तिला आजही प्रथम 'सोबत कोण आहे?' असे विचारले जाते. आनंदीबाईंना १८८३ मध्ये द्यावा लागलेला खुलासा सौम्य रूपात अजून शिल्लक आहे, असा याचा अर्थ होतो. ज्या दिवशी या प्रश्नाची जागा 'कुठवर जाणार आहेस?' हा प्रश्न घेईल, त्या दिवशी परवानगीचा इतिहास संपून प्रवासाचा इतिहास सुरू झाला, असे म्हणता येईल.