संसार सांभाळून पदवी

मुलाबाळांच्या आईने शिकावे, आणि तेही नोकरीत बढती मिळावी म्हणून, ही गोष्ट अगदी आजकालची आहे असे पुष्कळांना वाटते. आपल्या मंडळातील दोन अंगणवाडी-सेविका भगिनींनी मुक्त विद्यापीठाचे अर्ज आणले, तेव्हा "आता या वयात कसले कॉलेज?" हे शब्द कानांवर आलेच. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा जुना इतिहास लिहावयास घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा वाचक भगिनींनी गोड मानून घ्यावे.

पुण्यास १९०९ साली सेवासदन निघाले. श्रीमती रमाबाई रानडे अध्यक्षा आणि श्री. गोपाळ कृष्ण देवधर चिटणीस. या मंडळींनी प्रौढ बायकांचे वर्ग दुपारी ठेवले. सकाळचा स्वयंपाक, जेवणीखाणी उरकलेली, आणि दिवेलागणीस अजून अवकाश! बाईच्या दिवसातला मोकळा तुकडा कोणता, हे ज्यांनी आधी पाहिले, त्यांच्या वर्गाला बायका येणारच. शिवाय तेथे नुसते लिहिणे-वाचणे नव्हते. शिवणकाम होते, परिचारिकेचे व शिक्षिकेचे शिक्षण होते. त्या काळी मुलींच्या शाळांना शिकलेल्या बायका मिळत नसत, आणि इस्पितळात बायकांची शुश्रूषा करावयास बाईच हवी असे. तेव्हा शिकून बाहेर पडणारीस काम मिळण्याची आशा होती.

पदवीचा प्रश्न याहून अवघड. महर्षि कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून, आणि घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याचीही मुभा. त्यांच्या पदवीधर स्त्रीस 'गृहीतागमा' म्हणत. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली व विद्यापीठास आपल्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव दिले गेले. मुलाने आईच्या नावे देऊळ बांधल्याचे आपण ऐकतो. येथे विद्यापीठच झाले, याचे मला फार कौतुक वाटते.

पण सरकारी कायद्याने या विद्यापीठास मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे! तोवर गृहीतागमा झालेल्या बाईजवळ विद्या असे, परंतु सरकारदरबारी 'ही पदवी बी. ए. च्या बरोबरीची' असे हक्काने म्हणता येत नसे.

ही अडचण जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आमच्याच आळीतील एका भगिनीने 'घरबसल्या एका वर्षात पदवी' अशी जाहिरात पाहून एका संस्थेत पैसे भरले. कागद हाती आला; कचेरीत तो कोणी धरला नाही. दोन मुलांच्या फीचे पैसे होते ते.

सन १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी १९८५ साली दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले होते. ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांच्यासाठी नाशिकच्या विद्यापीठाने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला, आणि त्या वाटेने कितीतरी गृहिणी पदवीपर्यंत गेल्या. दहावी-बारावी राहिली असेल तर सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले की, मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच मानावी. मात्र ती मान्यता त्या विद्यापीठास, त्या अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षी आहे ना, हे आयोगाच्या यादीत पाहावे लागते. फी भरण्याआधी, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट निवडीची. आमच्या दोघींपैकी एकीचा ओढा इतिहासाकडे, दुसरीचा हिशेबाकडे. त्यांना मुख्यसेविकेच्या जागेवर जावयाचे आहे, व त्या जागेस पदवी लागते. दोघींनी आधी मागच्या भरतीची जाहिरात मिळवली, तीत कोणती पदवी मागितली आहे ते वाचले, मगच अर्जावर विषय लिहिले. नोकरीसाठी शिकणारीने हाच क्रम धरावा असे माझे मत आहे. हौसेसाठी शिकावयाचे असेल तर गोष्ट निराळी, आणि तीही काही कमी नव्हे.

आता राहिली वेळ. अंगणवाडी, घर आणि मुले यांतून त्यांना दुपार मिळत नाही. अभ्यास होतो तो रात्री भांडी झाल्यावर. अभ्यासकेंद्राचे वर्ग रविवारी असतात. मंडळाची खोली त्या दिवशी रिकामीच असे. गेल्या महिन्यापासून दोघींची तिन्ही मुले तेथे बसतात, आणि त्यांच्या जेवणाचा डबा आम्ही पाचजणी आळीपाळीने नेतो.