उलट करार नसेल तर : मालाड ते अंधेरी, मानधनाच्या हक्काची कहाणी

१/ अंधेरीत लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या संकलकाला किंवा संवादलेखकाला विचारा. काम मिळवण्यापेक्षा केलेल्या कामाचे पैसे मिळवणे अवघड, असेच तो सांगेल. ही विवंचना या उपनगरांत कशी आली, त्याचा हा धागा.

२/ १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली. तेथे नट, लेखक, तंत्रज्ञ महिन्याच्या पगारावर असत. १९४३ मध्ये शशधर मुखर्जी, अशोककुमार आदी मंडळी बाहेर पडली आणि गोरेगावात फिल्मिस्तान निघाली. तेथेही लेखक पगारीच. सआदत हसन मंटो त्यांतलेच एक.

३/ दुसऱ्या महायुद्धात नफेखोरीचा पैसा चित्रपटांत शिरला. नवे निर्माते स्टुडिओ बांधीत नसत, भाड्याने घेत, माणसेही चित्रपटापुरतीच. पगारपत्रके हळूहळू संपली. मोठ्या नटांना या मोकळेपणाचा भाव मिळाला. लेखक-वादकांच्या वाट्याला मात्र बहुधा तोंडी बोली, थोडी आगाऊ रक्कम आणि 'बाकीचे चित्रपट विकला की' हे आश्वासन आले.

४/ आता कायद्याकडे वळू. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे कलम १७ सांगते की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पण पुढे अपवाद आहेत, आणि त्यांत एक छोटी अट वारंवार येते : उलट करार नसेल तर. पुढची कित्येक वर्षे या चार शब्दांवर फिरली.

५/ १९६९ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. तिने गाण्यांच्या सार्वजनिक वापराचे दर जाहीर करताच चित्रपट निर्मात्यांच्या संघटनांनी हरकत घेतली. कॉपीराइट मंडळाने सोसायटीची बाजू घेतली, कलकत्ता उच्च न्यायालयाने ती फिरवली, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने शिक्कामोर्तब केले. मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेले गीत-संगीत निर्मात्याचे. उलट करार नसेल तर.

६/ म्हणजे नोकरीची सुरक्षितता गेली होतीच, आता मालकीही गेली. 'मग उलट करार करायचा होता' असे म्हणणे सोपे आहे. पण करारनामा लिहून आणणारा निर्माता आणि पुढच्या कामासाठी त्याच्याच दारात उभा राहणारा गीतकार यांच्यात वाटाघाट ती कसली?

७/ सगळे मात्र गप्प बसले नाहीत. १९७३ मध्ये 'जंजीर'च्या पोस्टरांवर नाव नाही म्हणून सलीम-जावेद यांनी रंगारी लावून मुंबईभर आपली नावे रंगवून घेतली. खोडकर वाटते, पण हिशेब पक्का होता : ज्याचे नाव दिसत नाही, त्याला पुढचा दर मागता येत नाही.

८/ त्या जोडीतले जावेद अख्तर पुढे राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले आणि कॉपीराइट दुरुस्तीसाठी आग्रहाने बोलले. २०१२ ची दुरुस्ती त्या वर्षी २१ जूनला लागू झाली. चित्रपटगृहातले प्रदर्शन सोडून इतर वापराच्या स्वामित्वधनातला समान वाटा गीतकार, संगीतकार, लेखकाला आता सोडताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्कसंस्थेला देता येतो. दुबळ्याची सही त्याच्याच विरुद्ध वापरली जाते, हे कायद्याने अखेर मान्य केले.

९/ संकलक, डिझायनर यांना मात्र हे संरक्षण नाही. त्यांचा आधार वेगळा, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो : सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६. 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा-पुरवठादाराचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करारात मुदत नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करायची. नोंदणी मात्र कामाआधीच असावी. मागाहून केलेल्या नोंदणीवरून न्यायालयांत वाद झाले आहेत.

१०/ पटकथाकारांची संघटना, स्क्रीनरायटर्स असोसिएशन, अंधेरी पश्चिमेतच आहे. तेथे संहिता नोंदवली की ती कोणत्या तारखेला आपल्यापाशी होती याचा पुरावा उरतो. मानधनाच्या तंट्यांसाठी तिची समितीही आहे.

११/ आणि मुदतीचे. थकलेल्या पैशांसाठी दिवाणी दावा साधारणतः ३ वर्षांत लावावा लागतो. 'पुढच्या महिन्यात नक्की' या तोंडी उत्तराने ती मुदत थांबत नाही. मात्र ती संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी देणे कबूल केले, तर त्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू होते.