वडिलांची ओळख

साहित्याच्या अध्यापकांना दा. ध. कोसंबी परिचित असतात ते बहुधा भर्तृहरीमुळे. गणिताच्या या प्राध्यापकाने १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे आपण वर्गात कौतुकाने सांगतो. वडील धर्मानंद पालीचे पंडित होते, हेही ओघात सांगून टाकतो. त्यांची आपली भेट अशी नावातल्या मधल्या ‘ध.’पाशी होते आणि बहुधा तिथेच संपते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात हा क्रम उलटा होता. धर्मानंदांनी तिथे १९१२ ते १९१८ या काळात पाली शिकवली. दामोदर गणित शिकवू लागले ते १९३३ पासून. धर्मानंदांचे विद्यार्थी पु. वि. बापट पुढे त्याच महाविद्यालयात अध्यापक झाले. त्यांच्या लेखी गणिताचे हे सहकारी आधी गुरुजींचे चिरंजीव असणार.

गोव्यातील साखवाळचे धर्मानंद १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाले. शालेय शिक्षण नाममात्र. मागे पत्नी आणि लहान मुलगी. पुणे, काशी, नेपाळ असे करीत १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि पाली शिकले. पुढे कलकत्त्यात अधिक वेतनाची जागा असताना त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये स्वीकारले. अट अशी, की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक मराठीत लिहावे. मराठी वाङ्मयेतिहासात या अटीला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही, असे मला वाटते. मुलाचे मुख्य लेखन इंग्रजीत आहे. वडिलांचे मात्र आपल्या भाषेत आहे, आणि ते वाचायला आपल्याला अनुवादकाची गरज नाही.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथच पाहावा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले, ही लोकप्रिय कथा ते बाजूला ठेवतात. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताच्या आधारे शस्त्रधारी समाजाचा उबग आणि शाक्य-कोलियांचे रोहिणीच्या पाण्यावरून होणारे कलह ही कारणे ते पुढे आणतात. सिद्धार्थ रात्री लपून गेला नाही, आईवडील रडत असताना त्याने गृहत्याग केला, हे ते सुत्तांवरूनच दाखवतात. (स्वतः घर सोडलेल्या लेखकाने हा तपशील इतक्या आग्रहाने मांडावा, हे वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही.) पुराणकथेमागे पाण्याचा आणि जमिनीचा प्रश्न शोधण्याची ही रीत आपण मुलाच्या नावावर जमा करतो. मार्क्सचा वाटा अर्थातच वेगळा आणि मोठा. पण घरातला वाटा आपण मोजलेलाच नाही.

१९२४ चे ‘निवेदन’ हे आत्मकथनही आपल्याकडे क्वचितच अभ्यासाला लागते. धर्मानंदांची भाषा अलंकाराच्या वाटेला जात नाही, हे त्याचे एक कारण असावे.

हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनावर त्यांनी काम केले. श्रेयावरून लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. ग्रंथ निघाला १९५० मध्ये. त्याआधीच, १९४७ मध्ये, सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला होता. हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेतील हा ४१ वा खंड. ४२ वा म्हणजे दामोदर आणि वा. वि. गोखले यांनी संपादिलेला ‘सुभाषितरत्नकोश’, १९५७ चा.